वाट मागणारा धाकू

मुलुंडच्या डोंगरउतारावर आमच्या गावची माणसं येऊन राहिली, तेव्हा वस्ती वर होती, विहीर खाली होती आणि मधे श्यामसुंदर शेटांची चिकूची वाडी होती. वाडीतून एक पायवाट उतरायची. अनवाणी पावलांनी घासून ती गाईच्या पाठीसारखी मऊ झाली होती.

धाकू त्या वस्तीतला जाणता. गिरणीत होता तोवर साच्यावर कापड विणायचा, संपात गिरणी गेली तेव्हापासून मिळेल त्या कामावर. पण त्याचा खरा मान शिमग्याचा. देवीची पालखी त्या वाटेनं विहिरीवर न्यायची, तर आधी धाकूनं नारळ घेऊन शेटांपुढं उभं राहायचं. "शेटानु, देवीक वाट देवा." शेट नारळ हातात घेऊन म्हणायचे, "दिली." मगच ढोल वाजायचा. धाकूच्या बापानं गावी हेच केलं होतं, आज्यानंही.

शेट वारले. मुलांनी वाडी बिल्डरला विकली. सत्त्याऐंशीच्या दिवाळीनंतर भिंत उठली, वाटेवर लोखंडी गेट बसलं, गेटाला कुलूप लागलं. पाण्यासाठी बायकांना नाल्याकाठून घाणीतला वळसा पडू लागला. त्या रिकामे हंडे घेऊन गेटासमोर बसल्या. पोलीस आले, दमदाटी करून गेले. कुलूप तसंच राहिलं.

मग कायद्याच्या कॉलेजातली मुलं आली. दर रविवारी ती देवीच्या मांडवात टेबल टाकून फुकट सल्ला द्यायची. त्यांच्यातली शुभा धाकूची हकिकत लिहून घ्यायला बसली.

"वीस वर्षांच्या वर या वाटेनं हक्कानं चाललात ना, काका?"

"तर! आणि दरवर्षी इचारून. नारळ देऊन. कोणाचो एक शब्द ऐकूक नाय."

शुभाचं पेन थांबलं. "विचारून?"

"मगे? आमी काय चोर?"

"काका, मालकाला विचारून चाललात तर तो हक्क होत नाही, त्याची मेहेरबानी होते. समोरचा वकील नेमकं हेच धरणार."

धाकू टेबलावर वाकला. "म्हणजे न इचारता घुसलो असतांव तर वाट आमची. माणसासारखे इचारून गेलांव, म्हणून ती गेली?"

"कायद्यात... तसंच आहे," शुभा म्हणाली. बोलताना तिलाही ते बरं वाटलं नाही.

शेजारचा जयवंत मधेच म्हणाला, "मग नारळाचं गाळून टाक ना काका! वाट लागेल सगळ्यांची."

"गाळू? शेटांच्या हातात दिलेलो नारळ गाळू?"

मागं धाकूची बायको रुक्मिणी भाजी निवडत बसली होती. ती हसली. "ह्यांचो नारळ पालखीपुरतो. पाण्याक जाताना आमी बायकांनी कधी कोणाक इचारलांव? हंडो घेतलो, चाललांव. शेट एकदा ओरडले तर मी सांगितलंय, पाणी काय तुमच्या बापाशीन पाडल्यान?"

शुभा खुर्चीवरून उठलीच. "काकू, हेच! अगदी असंच सांगायचं!"

वस्तीनं दावा लावला आणि रुक्मिणीच्या तोंडचं जसंच्या तसं कोर्टात गेलं. धाकूनं आपलं नारळाचंही लिहायला लावलं. निकाल लागेपर्यंत पाण्यासाठी गेट उघडं ठेवावं, असा हुकूम झाला. वस्तीत पेढे वाटले गेले. धाकूनं पेढा खाल्ला, पण त्याला चव लागेना. ज्या गोष्टीसाठी माणसं त्याला मान देत, तिनं वाट घालवली असती आणि बायकोच्या भांडकुदळपणानं ती राखली होती.

शिमगा आला. पालखी गेटाशी थांबली. आत बिल्डरचा माणूस उभा होता. हातात नारळ धरून धाकू पुढं झाला आणि तिथंच अडला. विचारावं तर आता पुन्हा मेहेरबानी व्हायची. न विचारता देवीला न्यायचं कसं? ढोलवाले त्याच्या तोंडाकडं बघत होते.

"तू हो पुढे," तो रुक्मिणीला म्हणाला. "हंडो घे."

ती हंडा घेऊन रोजच्यासारखी चालू लागली. तिच्या मागून पालखी गेली. बिल्डरचा माणूस बाजूला सरला.

नारळ घरी परत आला. धाकूनं तो ना फोडला, ना देवापुढं ठेवला. फळीवर ठेवला. शुभा भेटायला आली, तेव्हा तिला दाखवून म्हणाला, "बाय, तुझ्या कायद्यात ह्यो आता कोणाचो?"