विनोदाचा अर्थ मायक्रोस्कोपखाली

आमच्या कॉलेजात प्राचार्यांनासुद्धा ज्याला 'साहेब' म्हणावं लागतं असा एकच माणूस आहे, आणि तो फिजिक्सच्या लॅबमध्ये भिंगं पुसतो. रावसाहेब बनसोडे. नाव आईबापांनी ठेवलेलं, त्यात त्यांचा काही दोष नाही. पण नव्या प्राध्यापकानं "रावसाहेब, जरा पंखा लावा" असं दबक्या आवाजात म्हटलं की ते मुद्दाम ऐकू न आल्यासारखं करतात, म्हणजे त्याला दुसऱ्यांदा नाव घ्यावं लागतं. मग म्हणतात, "बोला की सर."

मी त्याच कॉलेजात ग्रंथपाल. लायब्ररी आणि फिजिक्सची लॅब वरच्या मजल्यावर समोरासमोर आहेत, मधे फक्त व्हरांडा. त्यामुळे जे घडलं ते बहुतेक मी खुर्चीतून न उठता पाहिलं.

रावसाहेबांचे वडील सोलापुरातल्या एका गिरणीत होते. गिरणी बंद पडली आणि रावसाहेब शिपाई म्हणून कॉलेजात लागले. पुढं ते लॅब अटेंडंट झाले. तीस वर्षं तेच प्रयोग दरवर्षी नव्या पोरांसमोर होताना पाहिले तर भिंतीलासुद्धा भौतिकशास्त्र येईल. रावसाहेब तर कान उघडे ठेवून उभे असायचे. कुठल्या गॅल्व्हानोमीटरचा काटा अडकतो आणि कुठल्या पोराचं रीडिंग शेजारच्याच्या वहीतून आलंय, दोन्ही त्यांना लांबून कळायचं.

दोन वर्षांपूर्वी ऋतुजा मॅडम तासिका तत्त्वावर शिकवायला आल्या. वळसंगहून रोज एस.टी.नं यायच्या आणि प्रवासात मोबाइलवर 'वर्तुळाचा कोपरा' नावाची चित्रमालिका वाचायच्या. इंटरनेटवर कुणीतरी नाव न सांगता दर आठवड्याला टाकायचं: दोन-तीन चौकटी, त्यात काडीची माणसं, आणि विज्ञान-गणिताचा एखादा विनोद. मॅडमना वाटलं, पोरांना गोडी लागेल. दर सोमवारी त्या एक चित्र छापून लॅबबाहेरच्या नोटीस बोर्डावर लावू लागल्या.

पहिल्या चित्रात आगगाडीतला माणूस फलाटावरच्या माणसाला विचारतो, "किती वाजले?" फलाटावरचा म्हणतो, "तुझे की माझे?" बस, एवढंच.

पोरं यायची, वाचायची, एकमेकांच्या तोंडाकडं बघायची आणि निघून जायची. एकदोघं हसली, पण ती मॅडम बघत होत्या म्हणून.

मंगळवारी त्या चित्राखाली वहीच्या पानाची एक चिठ्ठी टाचलेली दिसली. अक्षर वळणदार. "अर्थ: लई वेगात जाणाऱ्याचं घड्याळ उभ्या माणसाच्या घड्याळापेक्षा हळू चालतं, म्हणून दोघांचे वाजलेले वेगळे. हे शास्त्र आहे, थट्टा नव्हे. दुधनीच्या एस.टी.ला हा नियम लागू नाही. ती वेगात नसूनही मागंच असते."

दुपारपर्यंत चिठ्ठीपुढं गर्दी जमली. दुधनीकडची चार पोरं तर पोट धरून हसत होती. मॅडमनी अक्षर ओळखलं. लॅबच्या डब्यांवरची लेबलं त्याच हातची होती.

"रावसाहेब, हे तुम्ही लिहिलंत?"

"चुकलंय का मॅडम?"

"नाही. बरोबर आहे."

"मग मीच लिवलंय."

त्यानंतर हे दर आठवड्याचं झालं. चिठ्ठी लावण्याआधी रावसाहेब ती घरी बायकोवर तपासून बघायचे. तानाबाई अंगणवाडीत मदतनीस. त्या भाकरी थापत ऐकायच्या आणि शेवटी एकच प्रश्न विचारायच्या, "मग ह्यात हसायचं काय हाय?" त्या हसेपर्यंत चिठ्ठी पुन्हा लिहिली जायची. रावसाहेब मला म्हणाले होते, "आमच्या हिला कळलं म्हंजे प्राचार्यांनाबी कळंल."

पुढच्या एका चित्रात रांगेतला माणूस पुढं घुसणाऱ्याला म्हणतो, "ओ, माझा पहिला नंबर आहे." घुसणारा म्हणतो, "असू दे की, माझा शून्यावा." रावसाहेबांनी समजावलं की कॉम्प्युटर मोजताना शून्यापासून सुरू करतो, त्यामुळे त्याच्या लेखी पहिल्याच्याही आधी एक असतो. खाली पुस्ती जोडली: "सदर सोय कॅन्टीनमध्ये उपलब्ध आहे काय, याची चौकशी करावी."

पोरांनी चौकशी केली. बुधवारी कॅन्टीनच्या खिडकीशी अकरा जण शून्यावे होते. कॅन्टीनवाल्यानं भज्यांचा झारा उगारला, तेव्हा कुठं मोजणी एकपासून सुरू झाली. तक्रार वर गेली, पण लिहिणारा कोण हे विचारल्यावर सगळ्या कॉलेजला अचानक मराठी अक्षर ओळखू येईना.

खरी भानगड तिसऱ्या महिन्यात झाली. त्या आठवड्याच्या चित्रात नुसता एक आलेख होता. रेघ झोकात वर चाललेली, पण आडव्या-उभ्या अक्षांवर काहीच लिहिलेलं नाही. खाली ओळ: "परिस्थिती वेगाने सुधारत आहे." रावसाहेबांची चिठ्ठी होती: "अर्थ: काय मोजलं ते लिहिलं नाही तर रेघ कुठंही वर जाते. नमुना पाहायचा असल्यास प्राचार्यांच्या केबिनमधला निकालाचा तक्ता पाहावा."

तो तक्ता प्राचार्यांनी स्वतः खास बनवून घेतला होता, काचेच्या फ्रेमसकट. त्या दिवशी पोरं बोनाफाइडच्या निमित्तानं केबिनमध्ये जायची, सही होईपर्यंत तक्त्याकडं बघायची आणि तोंडावर हात ठेवून बाहेर पडायची. चौदावं पोर बाहेर पडल्यावर प्राचार्यांनी तक्त्याकडं नीट बघितलं, आणि मग वर येऊन लॅबच्या डब्यांवरच्या लेबलांकडंही.

संध्याकाळी रावसाहेबांच्या हातात आदेश पडला: "भौतिकशास्त्र विभागाच्या सूचनाफलकावर प्रयोगशाळा परिचर यांनी कोणताही मजकूर लावू नये." मॅडमची चित्रं मात्र शैक्षणिक म्हणून बचावली.

रावसाहेब लायब्ररीत येऊन बसले. मी चहा मागवला. त्यांनी एक घोट घेतला. मग आपणहून बोलले.

"बारावीला असताना सरांनी एकदा इंग्रजीत कायतरी विनोद केला. सगळा वर्ग हसला, म्हणून मीबी हसलो. सरांनी नेमकं मलाच उठवलं. म्हणाले, तू का हसलास? मला सांगताच येईना. मग वर्ग परत हसला, पण आता माझ्यावर. आठ दिवस गेलो न्हाय कॉलेजला. त्या वर्षी फिजिक्सच ऱ्हायलं माझं." कप खाली ठेवत म्हणाले, "न कळता हसायला लई वाईट वाटतं सर. न हसण्यापेक्षाबी वाईट."

मी म्हटलं, जाऊ द्या, दोन वर्षांत रिटायर व्हायचं, कशाला वाद.

त्यांनी आदेशाचा कागद पुन्हा उघडला, बोट ठेवून वाचला, आणि त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. "ह्यात 'फलकावर' म्हटलंय."

"मग?"

"मग कायबी न्हाय. चहा बरा हाय."

पुढच्या सोमवारी बोर्डावर चित्र होतं, चिठ्ठी नव्हती. पोरं हिरमुसली. पण लॅबच्या दारातून जाणाऱ्या प्रतिक्षा नावाच्या मुलीला रावसाहेब सहज म्हणाले, "तीन नंबरच्या टेबलावरचा आरसा जरा पुसून घ्या बरं." आरशाशेजारी एक कागद पडला होता, अक्षरं सगळी उलटी. प्रतिक्षानं तो आरशासमोर धरला, आणि तिच्या हसण्याचा आवाज माझ्या टेबलापर्यंत आला.

तेव्हापासून अर्थ लॅबमध्ये लपू लागला. एकदा कागदावर लाल शाईच्या नुसत्या रेघोट्या होत्या. वर लाल काच ठेवली की रेघोट्या नाहीशा व्हायच्या आणि खालची निळी अक्षरं काळी होऊन उठून दिसायची. एकदा चिठ्ठी पेटीत होती आणि पेटीला आकड्यांचं कुलूप. आकडा पाहिजे तर लंबकाचा आवर्तकाल बरोबर काढायचा. एरवी प्रॅक्टिकलला वीस मिनिटांत सुट्टी मागणारी पोरं त्या दिवशी लंबकाला तिसऱ्यांदा हलवत होती, कारण पहिल्या दोन्ही उत्तरांना कुलूप उघडलं नव्हतं. मॅडम लायब्ररीच्या दारात उभ्या राहून बघत होत्या. मला हळूच म्हणाल्या, "मी सहा महिने सांगतेय, तीनदा रीडिंग घ्या म्हणून."

"रावसाहेबांना तुम्हीच सांगितलंत का, कुलूप लावा म्हणून?" मी विचारलं. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी पुस्तकांवर शिक्के मारू लागलो.

प्राचार्यांना यातलं काही माहीत नव्हतं. ते तपासणी समितीच्या तयारीत बुडाले होते. महिनाभर कॉलेज हलत होतं. भिंतींना रंग लागला, नळांना पाणी आलं, बंद घड्याळं चालू झाली, माझ्या लायब्ररीत एक कुंडीसुद्धा आली.

समिती आली तो सोमवारच होता. बोर्डावरच्या चित्रात काडीचा माणूस एका ठिपक्याकडं टक लावून बघतोय आणि ठिपका म्हणतो, "बघू नकोस ना, मी बदलतो."

जेवणाच्या सुट्टीत समितीचे तिघे वर आले. पुढं प्राचार्य, मागं आम्ही. सुट्टीत लॅब रिकामी असणार म्हणून प्राचार्य निर्धास्त होते. दार उघडलं तर आत पंचवीसेक पोरं, ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोपपुढं रांग लावून.

समितीतल्या एक बाई चष्मा सावरत पुढं झाल्या. "सुट्टीत प्रॅक्टिकल?"

"नाही मॅडम," प्रतिक्षा म्हणाली, "अर्थ बघतोय."

"बघू." आणि बाईंनी डोळा लावला.

मी रावसाहेबांकडं बघितलं. ते कपाटाला टेकून उभे होते, आणि तीस वर्षांत पहिल्यांदा मला ते घाबरलेले दिसले. समिती लॅबमध्ये दुपारी तीनला येणार असं वेळापत्रकात होतं. चिठ्ठी ते अडीचला काढणार होते.

बाई मोठ्यानं वाचू लागल्या. मधूनमधून स्क्रू फिरवत, ओळ सरकवत. "अर्थ. अतिसूक्ष्म कणाकडे... नुसतं पाहिलं तरी... तो पूर्वीसारखा राहत नाही. निरीक्षणाने... वस्तू बदलते. पुरावा..." इथं त्या थांबल्या. स्क्रू थोडा पुढं घेतला. "पुरावा: समिती येणार म्हणून... आपल्या भिंतीला रंग लागला."

प्राचार्यांचा चेहरा नव्या रंगासारखा दिसत होता, ओला आणि फिकट.

बाईंनी डोळा वर केला. "कुणी लिहिलं हे?"

पोरं जमिनीकडं बघू लागली. मॅडम काहीतरी बोलायला पुढं सरकल्या, तेवढ्यात कपाटाकडून आवाज आला, "मी लिवलं मॅडम. रावसाहेब बनसोडे, लॅब अटेंडंट."

"रंगाचं उदाहरण तुम्हाला कुठून सुचलं?"

"आमच्या घरातनं. बायको अंगणवाडीत हाय. म्हणाली, वरच्या मॅडम येणार असल्या की आमच्या पोरांची नाकं सकाळीच पुसल्याली असत्यात. मग माझ्या ध्येनात आलं."

बाई हसल्या. आधी नाकातून, मग उघड. दुसरे सदस्यही हसले. सगळ्यात शेवटी प्राचार्य हसले, पण ते शास्त्रशुद्ध कळल्यावर हसले असं म्हणता येणार नाही.

"पण बनसोडे," बाई म्हणाल्या, "विनोद समजावून सांगितला की त्याची मजा जाते म्हणतात."

"ज्याला कळलाय त्याची जात असंल मॅडम. ज्याला कळलाच न्हाय, त्याची कुटं आल्ती?"

बाईंनी वहीत काहीतरी टिपलं. पोरांना पुन्हा डोळा लावायला सांगितलं, लंबकाच्या कुलपाची हकीकत ऐकली आणि स्वतः लंबक हलवून बघितला. तीन रीडिंग घेतली.

त्या रात्री रावसाहेब जेवले नाहीत, असं तानाबाईंनी नंतर सांगितलं. नोटीस येणार याची त्यांना खात्री होती. नोटीस आली नाही. दीड महिन्यानं अहवाल आला. त्यात आमच्या कॉलेजबद्दल बरंच कमीजास्त होतं, पण एक परिच्छेद भौतिकशास्त्र प्रयोगशाळेच्या 'अभिनव उपक्रमा'चा होता. प्राचार्यांनी तो परिच्छेद फ्रेम करून घेतला. पुढं एका परिषदेत त्यांनी या उपक्रमावर निबंध वाचला. त्यात ही कल्पना आपल्याला कशी सुचली याचं दोन पानी वर्णन होतं.

रावसाहेबांना नवा आदेश मिळाला: "दर सोमवारी व्यंगचित्राचे स्पष्टीकरण सुवाच्य अक्षरात, दोन प्रतींत सादर करावे. एक प्रत कार्यालयीन अभिलेखासाठी." ऋतुजा मॅडमना वाटलं, आता तरी ते खूश होतील. ते अजिबात खूश नव्हते. "दोन प्रतींत कोण हसतं का?" म्हणाले. पण आदेश तो आदेश. त्यांनी कार्यालयाच्या भाषेत स्पष्टीकरणं लिहायला सुरुवात केली: "उपरोक्त चित्रातील इसम क्रमांक एक याने इसम क्रमांक दोन यास केलेल्या पृच्छेच्या अनुषंगाने विनोद उद्भवला असून तो योग्य त्या ठिकाणी हसण्यास पात्र आहे." फायलीत अशी चाळीसेक पानं जमली आहेत. प्राचार्य प्रत्येकावर 'पाहिले' लिहून सही करतात. खरा अर्थ अजून मायक्रोस्कोपखाली असतो, नाहीतर कुलपात.

मागच्या महिन्यात प्रिंटरनं घोळ केला. चित्राच्या तीन चौकटींपैकी दोनच छापल्या गेल्या. एक माणूस दोरी धरून म्हणतो, "या दोरीला दोन टोकं आहेत." दुसरा म्हणतो, "मला एकच दिसतंय." तिसरी चौकट गायब, हे कुणाच्याच लक्षात आलं नाही. रावसाहेबांनी अर्थ लिहिला: रेषाखंडाला दोन टोकं असतात, किरणाला एकच, दुसरीकडं तो संपतच नाही, पहिल्याला वाटतंय हातात रेषाखंड आहे, पण तो किरण आहे, आणि आता तो दोरी गुंडाळायला बसला तर निवृत्तीपर्यंत बसेल. पोरं आठवडाभर दोरी गुंडाळल्याचा अभिनय करत हिंडत होती.

शुक्रवारी मॅडमनी मोबाइलवर तिसरी चौकट दाखवली. त्यात पहिला माणूस म्हणत होता, "दुसरं अजून डाउनलोड होतंय."

रावसाहेबांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली. "आपला बरा होता," म्हणाले, आणि चिठ्ठी लिहायला बसले. या वेळी ती लपवली नाही. बोर्डावर, सरळ चित्राखाली टाचली:

"दुरुस्ती: या आठवड्याचा विनोद वेगळाच होता. तरी जे हसले त्यांनी हसू परत करण्याची आवश्यकता नाही."