ताडपत्रीखाली ऐकू आलं पाहिजे

सिकंदराबादला आमची पलटण पीस स्टेशनवर, म्हणजे लढाईपासून लांब छावणीत होती. पूर्वेकडच्या डोंगरात जायचा हुकूम आला तेव्हा मी नाईक होतो, दहा जणांच्या एका सेक्शनचा कमांडर. शेजारच्या सेक्शनचा कमांडर हवालदार एकनाथ गायकवाड. तुम्ही मंडळी आता हौसेने जंगलात जाता, दोन झाडांच्या मध्ये झोळी बांधून झोपता आणि मला विचारता, काका, वर ताडपत्री कुठली घ्यावी? दुकानदाराला विचारलंत तर तो तुम्हाला रंग सांगेल. मी गायकवाडचं सांगतो. जरा लांबण लागेल, पण उत्तर त्यातच आहे.

पीस स्टेशनवर फौजी माणूस लढाईपेक्षा इन्स्पेक्शनला जास्त भितो. पहाटे पीटी, मग परेड, मग साफसफाई, आणि साहेब येणार असले की तंबू. तंबूंची रांग दोरी लावून सरळ करायची. कापड असं ताणायचं की एक सुरकुती दिसता कामा नये. आमचे प्लाटून कमांडर सुभेदार शिंदे रांगेतून चालत जायचे आणि प्रत्येक तंबूला बोटाने टिचकी मारायचे. ढम्म असा आवाज आला तर पुढे जायचे. नाही आला तर त्या तंबूतल्या सगळ्यांची संध्याकाळ खलास. कितीतरी वर्षं आम्ही हेच केलं होतं. ढिली ताडपत्री म्हणजे ढिला जवान, हे आमच्या हाडांत मुरलं होतं.

जिथे जायचं होतं तिथली जमीन वर्षातले बरेच महिने ओली. जळवा, चिखल, साप. आमच्या आधी तिथे असलेल्या पलटणीने कळवलं होतं, जमिनीवर झोपू नका. म्हणून आमच्या टेलरमास्टरने जाड कापडाच्या झोळ्या शिवल्या. प्रश्न उरला वरच्या छपराचा. स्टोअरमधल्या कॅनव्हासच्या ताडपत्र्या गाढवाच्या ओझ्याच्या होत्या. सीओ साहेबांनी बाहेरून खरेदी करायला परवानगी दिली. सुभेदारसाहेब, गायकवाड आणि मी गाडी घेऊन हैदराबादच्या बेगम बाजारात गेलो.

गायकवाडला नेलं, कारण त्याला शहर पाठ होतं. तो मूळचा नांदेडकडचा. बायको आणि दोन लेकरं तिथून जवळच गौलीगुड्यात मेव्हण्याच्या शेजारी खोली करून राहायची. रविवारी सुट्टी मिळाली की हा गडी बेगम बाजारातून मिरची-मसाला बांधून घरी जायचा. सगळ्यांशी हुज्जत घालायचा आणि सगळे त्याला चहा पाजायचे.

देशाचा बाजार तेव्हा परदेशी मालाला नुकताच खुला झाला होता. शहरातल्या कोठी भागातल्या दुकानांत कालपर्यंत न पाहिलेला माल लटकत होता. बेगम बाजारातही सुतळीच्या आणि काथ्याच्या ढिगांशेजारी निळ्या, नारिंगी, हिरव्या प्लास्टिकच्या ताडपत्र्यांच्या थप्प्या लागल्या होत्या. दुकानदाराने एक हिरवी ताडपत्री एका हाताने उचलून दाखवली.

"बाहर का माल है साब. कागज के जैसा हलका. पानी का बाप बी नईं आता अंदर."

"बालटी लाओ," गायकवाड म्हणाला.

"काय को?"

"लाओ तो सही, मियाँ."

मी आणि दुकानदाराने ताडपत्री चारी टोकांना खांबांना बांधली. गायकवाड खाली उकिडवा बसला. सुभेदारसाहेब स्टुलावर चढून झारीने पाणी ओतू लागले. रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती. साहेबांनी वरून विचारलं, "गायकवाड, गळतंय का?" उत्तर नाही. पुन्हा विचारलं. उत्तर नाही. शेवटी साहेब ओरडले, "अरे बहिऱ्या, गळतंय का?"

गायकवाड बाहेर आला. "कोरडं हाय साहेब. पन तुमचं एक अक्षर आत येईना. नुस्तं तडतड, तडतड. आपल्याला ही नक्को."

"झोपायचंय का भजन ऐकायचंय?"

"जंगलात झोपायचंय साहेब. कान बंद करून कसं झोपावं?"

सुभेदारसाहेब चिडले. त्यांचंही बरोबर होतं. डोंगर चढायचा, त्यात दारूगोळा, रेशन, रेडिओ. प्रत्येक शेर जड. शेवटी ठरलं, दोन सेक्शनला आणि साहेबांच्या टोळीला नवी हिरवी ताडपत्री. गायकवाडच्या सेक्शनला स्टोअरमधला जुना कॅनव्हास. "हट्ट तुझा, ओझं तुझं," साहेब म्हणाले. गायकवाड म्हणाला, "वाहतो साहेब."

वाहिलं त्याने. डोंगरात कॅनव्हास भिजला की दुप्पट जड व्हायचा. त्याच्या सेक्शनचे जवान चढावर त्याला मनसोक्त लाखोली वाहायचे. मीही सोडत नव्हतो. "काय हवालदारसाहेब, आख्खा बेगम बाजार पाठीवर घेतला का?" तो धापा टाकत म्हणायचा, "मोरे, तू तुझा पतंग सांभाळ." मला तो माणूस फार आवडायचा. त्याला हे कधी सांगितलं नाही. फौजेत असं सांगायची पद्धत नाही, आणि ती पद्धत चुकीची आहे.

कामाचं तेवढं लिहून घ्या. ताडपत्री झोळीपेक्षा दोन्ही टोकांना हातभर लांब हवी, नाहीतर पायाकडून भिजता. वाऱ्याची बाजू खाली ओढून बांधा. झोळीच्या दोरीवर, झाडाच्या आणि झोळीच्या मध्ये, सुतळीचा तुकडा लोंबता बांधा, म्हणजे दोरीवरून येणारं पाणी तिथेच खाली ठिबकतं. सुती दोरी असेल तर ती भिजून आखडते, म्हणून आधीच थोडी सैल ठेवा. हे सगळं आम्हाला येत होतं. आम्ही उत्तम ताडपत्री बांधायचो.

तिथे आम्ही रात्री चालायचो आणि दिवसा झोपायचो. त्या दिवशी सकाळी एका नाल्यापाशी थांबलो. नाला ओलांडायची वाट तिथेच होती आणि तिच्यावर नजर ठेवायची होती. म्हणून माझं सेक्शन खाली काठाजवळ, सुभेदारसाहेब, रेडिओ आणि तिसरं सेक्शन मध्ये, गायकवाडचं सेक्शन वर बांबूत. नाल्यात घोटाभर पाणी. आम्ही झोळ्या बांधल्या, ताडपत्र्या ताणल्या. साहेब फिरत आले. सवयीने टिचकी मारली. ढम्म. पुढे गेले. मग वर गायकवाडकडे.

"ही ताडपत्री आहे का वाळत घातलेलं लुगडं?"

"भिजलं की आपोआप ताणतंय साहेब. इथं इन्स्पेक्शनला कोन येनार, जळवा?"

आम्ही खाली हसलो. साहेबही हसले असावेत. मग झोपलो.

दुपारी पाऊस आला. तिथला पाऊस पडत नाही, ओततो. ताणलेल्या प्लास्टिकखाली एवढा आवाज की शेजारच्या झोळीतला माणूस बोलला तरी नुसते ओठ हलताना दिसायचे. रात्रभर चालून आलेल्या माणसाला त्या आवाजाची गुंगी येते. मला गाढ झोप लागली. आमचा संतरी वळणापलीकडे होता. तो ओरडत होता, हे आम्हाला नंतर कळलं.

वरच्या डोंगरावर आमच्याच कंपनीची दुसरी प्लाटून होती. नाला फुगलेला त्यांनी आधी पाहिला. त्यांनी रेडिओवर कळवलं. आमच्या ऑपरेटरने सेट कानाला दाबून धरला होता आणि तो त्यांना पुन्हा सांगा म्हणत होता; टू म्हणजे आम्ही, वन म्हणजे ते.

"टू फॉर वन. से अगेन. ओव्हर."

पुन्हा नुसती खरखर, आणि वर तडतड.

"टू फॉर वन. नथिंग हर्ड. से अगेन. ओव्हर."

असं चाललं होतं. गायकवाडने रेडिओ ऐकला नाही. त्याने दगड ऐकले. पाण्याबरोबर मोठे दगड गडगडत येतात तो आवाज. भिजलेल्या कॅनव्हासखाली पाऊस नुसता भद्‌भद् वाजतो, त्याच्या मागचं ऐकू येतं. तो जवानांना "वर चला" म्हणाला आणि स्वतः खाली धावला.

एकेकाला हलवून उठवायला वेळ नव्हता. त्याने झोळीच्या दोऱ्या कापायला सुरुवात केली. माणूस धाडकन जमिनीवर पडायचा, शिवी द्यायचा, पाणी बघायचा आणि पळायचा. माझी झोळी सगळ्यांत खाली, काठाला. मी पाठीवर आपटलो तेव्हा पाणी गुडघ्याएवढं होतं. गायकवाड ओरडला, "मोरे, पळ रं!" मी रायफल शोधत होतो. त्याने रायफल माझ्या हातात कोंबली, मागून कंबरेला धरून मला वर रेटलं. माझ्या हाताला बांबू लागला. मी वळलो. ज्या काठावर तो उभा होता तो काठच तिथे नव्हता.

तो दुसऱ्या दिवशी खालच्या वळणावर सापडला. माझ्या सेक्शनमधला एकही माणूस गेला नाही. सुभेदारसाहेब त्या संध्याकाळी उरलेल्या एकेका ताडपत्रीपाशी जाऊन स्वतःच्या हाताने दोऱ्या सैल करत होते. कोणी मदतीला गेलं नाही. मला त्यांचा राग येत होता आणि त्यांच्याकडे बघवतही नव्हतं.

रजा मिळाल्यावर मी गावी न जाता आधी हैदराबादला उतरलो. गौलीगुड्यातली खोली मला माहीत होती. पूर्वी दोनदा जेवलो होतो तिथे. तार गेली होती, सिकंदराबादच्या छावणीतले एक साहेबही येऊन गेले होते. वहिनींना वीरमरण, कर्तव्य असे शब्द ऐकून झाले होते. कसं झालं ते कोणी सांगितलं नव्हतं. स्टेशनपासून तिथपर्यंत मी एकच विचार करत होतो, की ह्या बाईला सांगायचं काय. आपल्यामुळे ज्याचा जीव गेला त्याच्या दारात उभं राहणं नाल्यापेक्षा अवघड असतं.

मी जयभीम म्हटलं. त्यांनी पाणी दिलं. मी ताडपत्रीचं, दगडांचं, दोऱ्या कापल्याचं सांगितलं. त्या भिंतीला टेकून ऐकत होत्या. मध्येच हसल्या.

"दहा हाका मारल्या तरी घरात ह्यांना ऐकू जायचं नाही भाऊजी. रॉकेल संपलंय म्हणलं की ठार बहिरे. आन तिथं दगड ऐकू आले?"

"आले वहिनी."

मग रडल्या. लेकरं शाळेतून यायची होती. बऱ्याच वेळाने त्यांनी पदराने तोंड पुसलं.

"शेवटी कुणाला उठवलं त्यांनी?"

हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं. दुसरं नाव घेता आलं असतं. त्यांना कुठे कळणार होतं?

"मला," मी म्हणालो.

मला वाटलं, आता उठा म्हणतील. त्या उठल्या, स्टोव्हपाशी गेल्या आणि पीठ काढलं.

"बसा," म्हणाल्या. "पोरं आली की त्यांना तुमच्या तोंडून सांगा. जेवून मगच जा."