चिऱ्याचं जोतं

पास्कू मेस्ताचं नाव आधी घेते. बाकीचं मग. पास्कू गवंडी. मालवणच्या किनाऱ्यावरच्या आमच्या वाडीतली निम्मी घरं त्याच्या हातची. तो माझ्या नात्याचा नाही, जातीचा नाही, त्याचा देवसुद्धा वेगळा. माझं माहेर बांद्याच्या पलीकडं. तिथून कोणी धावून येणार नव्हतं. त्या दिवसांत माझ्या बाजूनं उभं राहिलेलं माणूस एकच. हा.

भाटकार आला तेव्हा मी चिखलात गुडघ्यावर बसले होते. भाटकार म्हणजे आम्ही कसतो त्या नारळीच्या बागेचा मालक. समुद्राकडची माझी मातीची भिंत पावसात बसली होती. तिथं चिऱ्याचं, तांबड्या जांभ्या दगडाचं, जोतं घालून भिंत वर घ्यायची, असं मी ठरवलं होतं. पास्कूनं पहिला थर लावला होता. कोपऱ्यावरच्या चिऱ्याला मी हळदकुंकू वाहिलं होतं. भाटकारानं काठीचं टोक त्याच चिऱ्यावर टेकवलं.

"हे कोणाला विचारून?"

 पास्कू काही सांगू लागला, त्याला त्यानं हातानंच थांबवलं. चिरे काढायचे, आणि ते गवंड्यानं नाही, हिनं काढायचे, म्हणाला. वाडीतली माणसं जमली होती. माझी मुलगी दारात उभी होती. मी एकेक चिरा उपसला, छातीशी धरला आणि त्याच्या बैलगाडीत नेऊन ठेवला. अकरा चिरे. चिरा अंगाला घासला की सोलतो. लुगडं लाल झालं, मातीनं की रक्तानं ते बघितलंच नाही.

शेवटचा चिरा ठेवला तेव्हा तो जमलेल्यांकडं बघून म्हणाला, "गवताखालची माणसं गवताखालीच बरी. चिरा लागला की यांचं डोकं वर येतं."

लोक हसले. मीही हसले. भीतीनं हसले. हसले नाही तर आणखी काही होईल असं वाटलं म्हणून हसले. त्या हसण्याची लाज चिरे वाहिल्याच्या लाजेपेक्षा मोठी आहे.

भीती मला नवी नव्हती. तिसरीत असताना शाळा सुटली, धाकट्या भावाला सांभाळायला घरी बसवलं. लग्न होऊन इथं आले तेव्हा समुद्राच्या आवाजानं झोप लागत नसे. हे घर मी आणि घोवानं, माझ्या नवऱ्यानं, बांधलं. माती आम्ही मळली, भिंती आम्ही चढवल्या, वर गवत आम्ही शाकारलं. मग तापानं तो गेला. मी माडांना पाणी घालत राहिले, आळी करत राहिले. नारळ पाडले की अर्धे भाटकाराच्या खळ्यात नेऊन टाकायचे, हे चालूच होतं. मातीच्या घराला त्याची कधी ना नव्हती. चिऱ्यालाच का, हे माझ्या डोक्यात शिरत नव्हतं.

ते पास्कूनं सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो जोत्यासाठी खोदलेला चर बघायला आला. चर बुजवू नको, म्हणाला. मातीचं घर चार पावसांत विरघळतं, मागं काही उरत नाही. जोतं उरतं. जोतं दिसलं की सरकारचा माणूस विचारतो, हे कोणी घातलं, कोण राहतं इथं. भाटकाराला ते विचारणंच नको आहे. कुळांचा कायदा आल्यापासून सगळे भाटकार असेच बिथरलेत, म्हणाला.

आठवड्यात भाटकाराचा कारकून सांगून गेला. सोमवारी वाड्यावर ये, एका कागदावर अंगठा दे, मग जोत्याचं बघू. मला आनंदच झाला. खरंच सांगते, मी देवापुढं दिवा लावला. मालक इतका वाईट नाही असं वाटलं. पास्कूला सांगितलं तर त्यानं थापी खाली ठेवली.

"तुका वाचूक येता मा?"

"थोडा थोडा."

"मगे आधी वाच. राखणदार असा लिवलेला आसात तर अंगठो लावू नको, बाये. राखणदार म्हणजे गडी. गड्याक घर नसता. कुळाक आसता."

मग त्यानं मला एकच गोष्ट विचारली. भाटकारानं तुला कधी पगार दिला? मी म्हटलं, नाही, उलट मीच नारळ घालते. तेच लक्षात ठेव, म्हणाला.

सोमवारी भाटकाराच्या ओटीच्या खालच्या पायरीवर बसले. आमची जागा तीच. कारकुनानं शाईचा डबा पुढं केला. मी कागद मागितला.

"हिला वाचायचंय," कारकून आतल्या बाजूला बघून म्हणाला. "वाच हो, वाच, आम्हालाही कळू दे."

कागद हातात वाजत होता. अक्षरं जोडायला वेळ लागला. कोणीतरी खोकलं, कोणीतरी हसलं. सदर घर मालकांनी स्वखर्चाने बांधले असून मला राखणदार म्हणून राहण्यास दिले आहे. मालक सांगतील तेव्हा विनातक्रार खाली करून देईन. मी मोठ्यानं वाचलं. स्वखर्चाने या शब्दावर अडखळले, पुन्हा पहिल्यापासून वाचला.

भाटकार झोपाळ्यावर होता. अंगठा दे आणि जा, म्हणाला.

मला लघवीला लागल्यासारखं झालं.  पण तोंडातून निघालं ते असं:

"मी राखणदार आसंय तर माझो पगार खंय?"

झोपाळा थांबला. कोणी हसलं नाही. कागद पायरीवर ठेवला, त्यावर उडू नये म्हणून शाईचा डबा ठेवला आणि निघाले.  फाटकाबाहेर येऊन ओकले.

कूळ म्हणून माझं नाव लावा, असा अर्ज मी केला. आता मामलेदार कचेरीत त्याच्या तारखा पडतात. प्रत्येक तारखेला मला ओकारी येते. पास्कूनं साक्ष दिली. साहेबापुढं टोपी काढून म्हणाला, "उंबरो मी बसयलंय. बाकी घर हिच्या घोवान आणि हिणां बांधलां. भाटकाराचो एक खडो नाय हेच्यात." त्या दिवसापासून किनाऱ्यावरच्या एकाही भाटकारानं त्याला काम दिलेलं नाही. तो आता लांब घाटाखालच्या गावांत कामाला जातो, रविवारी येतो.

निकाल काय लागेल ते माहीत नाही. विरुद्ध लागला तर वरच्या कचेरीत जाईन. माणसं घालून घर मोडलं तर त्याच चरात बसेन. न वाचलेल्या कागदाला हात लावणार नाही, आणि अपमानावर पुन्हा हसणार नाही.

पास्कूचं घरही दुसऱ्या एका भाटकाराच्या जागेत आहे. त्याला वाचता येत नाही. असा कागद त्याच्याही दारात येणार. तो मी वाचीन. कचेरीत त्याच्या बाजूनं मी उभी राहीन, थरथरत का होईना, आणि साक्षीदार म्हणून माझं नाव पूर्ण सांगेन.