मधला दर्या

दिगूदादा गेल्याचा फोन आला तेव्हा आमची एसटी फोंडाघाटात चहाला थांबली होती. वहिनी एवढंच म्हणाली, "तुझो दादा गेलो गो." पुढचा सगळा रस्ता मी खिडकीबाहेर बघत होते, पण दिसत होतं नुसतं पाणी... आणि त्यात लाल शिडाची एक होडी. ती होडी खरी नव्हे, दादाच्या टीव्हीतली.

दादा माझा मावसभाऊ. त्याचं उभं आयुष्य देवगडच्या बंदरात मासेमारीत गेलं. मग हृदयाचं दुखणं निघालं आणि डॉक्टरांनी समुद्रच बंद केला. जामसंड्याच्या घरात तो येरझाऱ्या घालायचा, येईल जाईल त्याच्यावर खेकसायचा. माझ्या मुलाने पुण्याला जाताना आपला जुना व्हिडिओ गेम त्याला देऊन टाकला. त्यात मारामारी नव्हती. एक होडी, वारा, बारकी बारकी बेटं आणि सगळ्यांच्या पलीकडे एक निळं बेट. कितीही होडी हाका, ते तेवढंच लांब राहायचं. दादाला त्याने वेड लावलं. म्हातारपणी सवत आणली म्हणून वहिनी कुरकुरायची, पण घरातलं खेकसणं थांबलं हे तिलाही कळत होतं.

खेळाच्या दुसऱ्या भागात सगळा समुद्र ओलांडून त्या बेटावर जाता येईल, असं बनवणाऱ्यांनी कबूल केलं होतं. दादा वर्षानुवर्षं त्याचीच वाट बघत होता. "माका थंय जावचा आसा, होडी हाकीत," असं तो एखाद्या लग्नाला जायचं असावं तसं सांगायचा.

तो भाग आला गेल्या वर्षी, नेमका भर पावसाळ्यात. मुलाने पुण्याहून पाठवूनही दिला, पण दादाने हात लावला नाही. पावसात होड्या वर ओढलेल्या असतात. तोच नियम टीव्हीतल्या समुद्रालाही. दरवर्षी आषाढ लागला की तो खेळातली होडी वाळूत ओढून ठेवायचा आणि नारळी पौर्णिमेला टीव्हीसमोर नारळ ठेवूनच पाण्यात ढकलायचा. आम्ही त्याची यथेच्छ टिंगल करायचो. तोवर जगभरातले चाहते नव्या खेळाच्या नावाने बोटं मोडत होते. मुलाने फोन करून सांगितलं, मामा, नका खेळू, मन खट्टू होईल. दादाने शांतपणे ऐकून घेतलं.

पौर्णिमेला मी त्याच्या शेजारी बसले होते. त्याने होडी निळ्या बेटाकडे वळवली. शीड फुगलं... आणि पडदा काळा झाला. उजेड आला तेव्हा होडी बेटाच्या धक्क्याला बांधलेली होती. झाडं सुंदर होती, पाखरं होती. दादाने रिमोट मांडीवर ठेवला.

"बेट गावला गो," तो म्हणाला. "पण माका उचलून हाडून ठेवल्यानी. मदलो दर्यो खंय आसा?"

मला एवढा राग आला की काय सांगू. ज्याचा खरा समुद्र सुटला, त्याचा हाही समुद्र कापून टाकावा? दादा मात्र चिडला नाही. नवा खेळ त्याने कपाटात टाकला आणि संध्याकाळी पुन्हा जुनाच लावला.

यंदाही आषाढ लागताच त्याने होडी वाळूत ओढली. त्यानंतर थोड्याच दिवसांत तो गेला.

परवा नारळी पौर्णिमेला मी जामसंड्याला गेले, तर वहिनीने टीव्हीसमोर नारळ ठेवलेला. खेळाचा रिमोट माझ्या हातात देऊन म्हणाली, "तू ढकल. माका जमूचा नाय." मी होडी पाण्यात ढकलली. हळूहळू शीड फुगलं. ज्या खेळाकडे वहिनीने कधी धड बघितलं नव्हतं, त्याच्यासमोर ती दादाच्या खुर्चीत बसून राहिली.

"थंय पोचूक किती दीस लागतत?" तिने विचारलं.

मी म्हटलं, वहिनी, या खेळात पोचतच नाही. नुसतं जात राहायचं.

तिने पदराने डोळे पुसले. "मगे बरा," ती म्हणाली. "जावंदे तेंका."

मी रिमोट नारळाशेजारी ठेवला. होडी आपली आपण निळ्या बेटाकडे चालली होती.