बदामाचं झाड गेलं

आमच्या दारातलं बदामाचं झाड मी फोनवरून मारलं.

झाड सासऱ्यांचं. बदली झाल्यामुळे आम्ही नवराबायको नुकतेच पाटोद्याला त्यांच्याकडे राहायला आलो होतो. मामा (म्हणजे सासरे) महिनाभरासाठी गेवराईला लेकीकडे निघाले, तेव्हा एवढंच म्हणाले, "सूनबाई, झाडाकडं ध्यान ठेवा." मी शाळेत विज्ञान शिकवते. पानगळीचा धडा दरवर्षी माझ्याकडेच. म्हणजे झाड योग्य हातात होतं.

संक्रांत जवळ आली आणि पानं पिवळी पडली, मग तांबडीभडक झाली. नवऱ्याला दाखवलं.

"उन्हानं झालं असंल," तो मोबाईलमधून मान वर न करता म्हणाला. (जानेवारीत!)

मी रोज चार बादल्या पाणी ओतलं. पानं जास्तच गळली. औषध आणून फवारलं. ते शेजारणीच्या वाळत घातलेल्या साड्यांवर बसलं, झाडाला काही लागू पडलं नाही. रोज दोन वेळा अंगण झाडून माझी कंबर गेली आणि झाडाचा सांगाडा उरला.

शेवटी मामांना फोन लावला. "मामा, झाड गेलं. मी लई केलं, पण मला वाचवता आलं नाही." रेंज अशी, की शेवटचं वाक्य आणि माझं रडणं एवढंच तिकडे पोचलं.

दुपारी जीपमधून अकरा जण उतरले. नणंद माझ्या गळ्यात पडून रडायला लागली. शेजारणीनं कोण गेलं हे न विचारताच पिठलं चढवलं. तेवढ्यात नवरा दात कोरत बाहेर आला.

नणंदेनं माझा गळा सोडला. "दादा, तू हायस व्हय?"

"मग कुठं जाऊ?"

मी खाली मान घालून झाडाकडे बोट केलं. मामांनी फांदी नखानं खरवडली. आत हिरवीगार.

"ह्याला काय झालंय? पानं टाकलीत त्यानं," मामा सगळ्यांना सांगू लागले. "ह्या दिवसांत पाणी कमी, अन् पानातनं ते उडून जातं. मग झाड पानातला कस आत वढून घेतं. हिरवा रंग सरतो, पिवळा-तांबडा दिसतो. मग देठाशी गाठ मारून पान सोडून देतं. जरा दम धरा, नवी पालवी येईल."

सगळे माना डोलावत होते. मी तोवर आत जाऊन सगळ्यांसाठी भाकरी थापत खिडकीतून ऐकत होते. इतकी वर्षं शिकवलेला धडा मला त्या दिवशी पहिल्यांदा कळला, आणि त्या नादात तीन भाकरी करपल्या.