प्रमिलाबाईची खिडकीची सीट

एक बाई विमानात बसली की साऱ्या सेक्टरच्या बाया वर्षभर उडून राहतात! आमच्या भजनी मंडळात प्रमिलाबाईच्या विमानाचे किस्से असेच साठले. ती भिलाईच्या पोलाद कारखान्यातल्या साहेबाची बायको. पोरगा दिल्लीले, तिकीट तोच पाठवे. माह्या मालकाची ड्यूटी भट्टीवर. आमचं विमान म्हंजे वाटेतल्या कुम्हारी गावाची धूळ खात जाणारी रायपूरची बस!

पहिल्या खेपेले आम्ही तिची खणानारळानं ओटी भरली. विमानतळावर शिपाई म्हणे, "माताजी, नारियल अंदर नहीं जाएगा. किसी के सिर पे मार दिया तो?" बाईनं तिथंच पायरीवर नारळ फोडला अन् शिपायाच्याच हातावर खोबरं ठेवलं. घरी येऊन सांगते कशी, "विमानाचं उद्घाटन माझ्याच हातून झालं!" नारळ कोणाचा होता? माहा!

दुसऱ्या खेपेले एकादशी. हवाई सुंदरी विचारे, "व्हेज या नॉनव्हेज?" बाई म्हणे, "उपास!" तसं ताटच नव्हतं त्यांच्यात. मंग विमानात गोळ्या वाटतात, त्याच चघळल्या, अन् उरलेल्या आमाले आणल्या. "विमानातला प्रसाद," म्हणे. मी म्हटलं, "आपल्या शेजारच्या कोहक्याच्या दुकानात अशाच भेटतात." अन् आणखी एक उचलली.

तिसऱ्या खेपेले तं कहरच! विमान उडालं तशी तिनं पिशवीतून गणपतीचा फोटो काढला अन् उदबत्तीसाठी काडी ओढली. हवाई सुंदरी धावतच आली. "माताजी, आग नहीं जला सकते, नियम है!" मांगच्या रांगेत एक सूटवाला मजेत सिगरेट ओढून राहिला होता, तवा विमानात चालत होती. बाई कडाडली, "त्याच्या तोंडाला धूर चालतो, माझ्या देवाला नाही?" हे मात्र मले पटलं. पण तिच्या तोंडावर कावून सांगू?

मंग एकदा साहेबाले सुट्टी भेटली नाही, तं सोबत म्हणून बाईनं मले नेलं. बसल्या बसल्याच सांगितलं, "खिडकी माझी हं, अनुसयाबाई!" मी बसली मधल्या वाटेच्या कडेले.

त्या दिवशी संकष्टी. चंद्र पाहून अर्घ्य देल्याशिवाय दोघींच्याही तोंडात घास नाही. भिलाईत चिमण्यांच्या धुरापाई चंद्र उशिरा दिसे. इथं ढगाच्या वरतं कसा लख्ख! पण दिसे तिलेच. तिचं डोस्कं खिडकीभर.

"प्रमिलाबाई, थोडं मांगं सरा न."

"थांबा हो, आधी माझं स्तोत्र होऊ द्या." डोळे मिटले अन् लागली पुटपुटाले. माह्या पोटात कावळे!

तेवढ्यात बेल्टची बत्ती लागली, विमान वळलं, अन् चंद्र तिच्या खिडकीतून निघून माह्या बाजूले, वाटेपलीकडच्या खिडकीत आला! मी हात जोडले, गिलासातलं पाणी चमच्यानं वाटीत सोडलं अन् डब्यातला मोदक तोंडात टाकला.

बाईनं डोळे उघडले. खिडकीत नुसता काळोख. "अगं बाई, गेला कुठे? अनुसयाबाई, तुमच्याकडे आहे का? जरा मागे सरा ना!"

मी आणखी थोडी पुढं वाकली अन् दुसरा मोदक काढला.

"बेल्ट बांधून आहे, बाई. नियम आहे!"