चव्वेचाळीसच्या उन्हाळ्यातली फुलं कुणी पाहिली

गुरुजी माझ्याशी अकरा वर्षं खोटं बोलले.

गेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये म्हणतात. म्हणून दोन वर्षं लिहिलं नाही.

पण आज सकाळी त्यांच्या पत्नी, आमच्या अनुसयाआज्जी, रहिमतपूरला राहत्या घरी वारल्या. आता गप्प बसलो तर त्या खोट्यात मीही भागीदार.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मी दहावी नापास. माधवनगरला लेथवर काम करतो. रानफुलं शिकलो ती स्वतः हिंडून आणि रद्दीतल्या पुस्तकांवरून. पाकळ्या मोजण्यात माझी चूक काढणारा प्राध्यापक अजून भेटायचाय.

गुरुजींकडे तेवीस कागद होते. प्रत्येकावर एक वाळलेलं फूल आणि खाली त्यांच्या वळणदार अक्षरात माहिती.

चव्वेचाळीस सालचा उन्हाळा, पाटणच्या वरचे डोंगर. भूमिगत लोक तिथल्या रानात लपलेले. गुरुजी सांगायचे, मी त्यांना भाकरी पोचवायचो आणि येताना एखादं फूल घेऊन यायचो.

ऐकून मी पाया पडलो होतो.

उन्हाळ्यात डोंगर नुसता करपलेला असतो असं समजणाऱ्यांनी ते कागद पाहायला हवेत. अंजनीचे निळे झुबके. पांढरा कुडा. पान फुटायच्या आधीच नुसत्या मातीतून वर आलेला भुईचाफा.

मी दर महिन्याला प्रश्नांची वही घेऊन जायचो. भुईचाफा किती वेळ टिकतो? अंजनी फांदीच्या टोकाला फुलते की अंगावर?

गुरुजी डोळे मिटायचे. मग म्हणायचे, "थांब, पाणी पिऊन येतो."

आतून आले की उत्तर तयार. तेही इतकं नेमकं, की पुढच्या मे महिन्यात डोंगरावर जाऊन पडताळलं तर तंतोतंत निघायचं.

मला वाटायचं, वयानं घसा कोरडा पडत असेल.

एका कागदावर होतं, कुड्याचं फूल जोडव्याएवढं. मला असलं मोघम चालत नाही, मिलिमीटर लागतात. बायकोच्या मागं लागून तिच्या पायातलं जोडवं काढायला लावलं आणि व्हर्नियरनं मोजलं. बावीस.

ती कुरकुरत जोडवं परत घालताना म्हणाली, "आवं, कुठला बाप्या फूल जोडव्यानं मोजतो?"

मी म्हणालो, तुला यातलं कळत नाही.

मग त्या तेवीस फुलांची पुस्तिका काढली. पहिल्या पानावर गुरुजींचं नाव आणि फोटो. गावात कार्यक्रम घेतला, शाल-श्रीफळ दिलं. भाषण मीच केलं. या फुलांचा शेवटचा साक्षीदार, असं त्यांना म्हणालो. टाळ्या पडल्या.

आज्जी त्या दिवशी घरी पाहुण्यांच्या चहाचं बघत होत्या.

गुरुजी गेल्यावर चौदाव्या दिवशी भेटायला गेलो. आज्जींना बरं वाटावं म्हणून म्हणालो, त्या डोंगरावरच्या फुलांचं सांगणारं आता कुणी राहिलं नाही.

त्या लसूण सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या,

"त्येंनी कवा बघितली फुलं? त्ये तवा मिलात व्हते. तुमच्या माधवनगरला."

मग एकेक सांगत गेल्या. लग्नानंतरचा पहिला उन्हाळा. त्या माहेरी, डोंगरातल्या वाडीवर. वय पंधरा. पाटीत तळाला भाकरी, वर गोवऱ्या. शेणी नेणाऱ्या पोरीला कोण अडवणार?

परतताना भाकरीच्या रिकाम्या फडक्यात फूल. घरी ते जुन्या पंचांगाच्या पानांत ठेवायचं आणि वर पाटा. लिहिता येत नव्हतं. दिवाळीला नवऱ्यानं कौतुकानं विचारलं, त्या बोलल्या, त्यानं लिहून घेतलं.

पुढं ते मास्तर झाले. पोरांना ही गोष्ट सांगता सांगता हळूहळू स्वतःच डोंगर चढले, असं आज्जी म्हणाल्या. आणि हसल्या.

मला हसू आलं नाही. विचारलं, मग अकरा वर्षं तुम्ही गप्प का बसलात?

"गप्प कुठं? त्ये पाणी प्यायला आत आलं की म्याच सांगत व्हते की. तुमी भाईर बसून लिवून घेत व्हता."

दुसऱ्याची अर्ध्या मिलिमीटरची चूक सोडत नाही मी. आणि मला एका माणसानं अकरा वर्षं, समोर बसवून, फसवलं.

आज्जींना म्हणालो, नवी पुस्तिका काढतो, तुमच्या नावानं. पण आधी तेवीसही कागद तुमच्याकडून तपासून घ्यायला येतो.

गेलो नाही.

सोप्यात गुरुजींचा हार घातलेला फोटो आहे. तो बघावासा वाटेना.

या उन्हाळ्यात आज्जींनी शेजारणीच्या मोबाईलवरून फोन केला. परड्यात भुईचाफा आला होता. येऊन बघून जावा म्हणाल्या. मी नुसतं हं हं करत होतो. तेव्हा म्हणाल्या,

"राग त्येंच्यावर हाय न्हवं? मग म्या काय केलंय?"

मी सांगितलं, कामाचा लय लोड आहे.

लोड नव्हता. त्या आठवड्यात लेथ बंदच होता.

हे वाक्य लिहून सकाळपासून चार वेळा खोडलं. पाचव्यांदा राहू दिलंय.

आज ग्रुपवर मेसेज फिरतोय. 'कै. गुरुजींच्या धर्मपत्नींचे दुःखद निधन.' खाली हात जोडलेल्यांची रांग. बाईंचं नाव कुठंच नाही. दोष कुणाला देऊ? छापील पुस्तिकेत तरी मी कुठं घातलं होतं?

ज्यांच्या घरी ती पुस्तिका आहे त्यांना हात जोडून विनंती. पहिल्या पानावरचं नाव खोडा. पेन्सिलीनं नको, शाईनं.

त्याखाली लिहा, अनुसया. ही फुलं हिनं पाहिली.

आज्जी, तुम्ही असताना हे करायचं होतं. केलं नाही.

तुम्हाला माझा शेवटचा नमस्कार.